नवरदेवांच्या खिशातला मासा

माणूस शस्त्राची निवड करत नाही. शस्त्रच माणसाची निवड करतं. माझी निवड गाणगापुरात, दत्ताच्या दारात, वयाच्या आठव्या वर्षी झाली.

ही तिन्ही वाक्यं माझीच आहेत. औरादच्या सांस्कृतिक मंडळाने शस्त्रांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा माझ्या टेबलामागच्या फ्लेक्सवर काहीतरी भारदस्त हवं होतं, म्हणून लिहून दिली. छापून आल्यावर मलाही ती पटली. मोठ्या अक्षरात छापलेलं बहुतेक पटतं.

प्रत्यक्षात मला चाकू नको होता, बस हवी होती. देवळाबाहेरच्या गल्लीत एका दुकानावर चावीची लाल पत्र्याची बस टांगलेली होती. दर्शनाला जाताना मी ती हेरून ठेवली. परत येईपर्यंत ती सोलापूरकडच्या एका मुलाच्या बगलेत गेली होती. मी भर गल्लीत बसकण मारली. चारचौघांत रडणाऱ्या पोरांच्या बापांकडे वडील आयुष्यभर तुच्छतेने बघत आले होते. त्या दिवशी येणारेजाणारे त्यांच्याकडे तसं बघू लागले. दुकानदार अनुभवी होता. त्याने फळीवरून एक मासा काढला. पितळी अंग, त्यावर खवल्यांची नक्षी, डोळ्याच्या जागी लाल खडा. पोटाला नख लावलं की आतून चकचकीत पातं बाहेर यायचं.

"चाकू? एवढ्या पोराला?" वडील म्हणाले.

"काका, ह्यानं काय कापत न्हाई. पोराचं रडणं तेवढं कापतंय बघा."

आणि त्याने मासा माझ्या हातात न देता फळीवर ठेवला. "धारेची वस्तू हातात देऊ न्हाई, भांडण लागतंय. उचल तूच." मी उचलला. शस्त्राने केलेली निवड ती ही.

घरी आल्यावर आईने एका वांग्यावर प्रयोग केला. वांगं चेपलं. आईने मासा मिटून परत दिला आणि म्हणाली, "देवाजवळून आणलाय, राहू दे." आमच्याकडे निरुपयोगी वस्तूला घरात ठेवून घेण्याचा हा जुना मार्ग आहे.

त्या माशाला सोबत म्हणून पुढे दुसरा चाकू आला, मग तिसरा. मी ठाणाकुशनूरला हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि सुट्टीत उदगीर, बीदर, हैदराबादच्या जुन्या बाजारांतून फिरायचो. तंबाखू कातरायचे चाकू, आंब्याची कलमं करायचे चाकू, शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या मुठीचे. बीदरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडून मी एक जंबिया, वाकड्या पात्याचा खंजीर, घेतला. तो एका नवाबाचा होता. त्या दुकानदाराकडे नवाब फार होते. प्रत्येक गंजलेल्या वस्तूमागे एक उभा असायचा. जुन्या हवालदाराला सुट्टी देऊन नव्याला नेमावं तसा तो मला दरवेळी नवा नवाब द्यायचा. मी इतिहासाचा मास्तर, तरी घ्यायचो. खरं तर मास्तर होतो म्हणूनच. इतिहास न वाचलेल्या माणसाला नवाब विकणं अवघड जातं.

गावात दुसऱ्या कुणी इतकं जुनं लोखंड घरात भरलं असतं तर त्याला भंगारवाला म्हणाले असते. मी प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली होती, त्यामुळे मला संग्राहक म्हणत. बायको मात्र चिठ्ठ्या वाचत नसे.

"घर भरून चाकू," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "अन् मी टमाटा विळीवर चिरायले."

"ते संग्रहातले आहेत," मी म्हणायचो.

"मग टमाटेबी संग्रहात ठिवा."

या संग्रहाला खरी किंमत दिली ती गावातल्या नवरदेवांनी. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की लग्न लागेपर्यंत त्याच्याजवळ लोखंड असावं लागतं, टोकाला लिंबू टोचून. ओल्या हळदीच्या अंगाला बाहेरचं लवकर लागतं म्हणतात. पूर्वी ज्यांच्या घरी कट्यार असे ते भाऊबंदांना देत. कट्यारी आता राहिल्या नाहीत, बाहेरचं मात्र राहिलं आहे. लोक माझ्याकडे येऊ लागले.

मला वाटलं, आता संग्रहाचं चीज होणार. पहिल्या वऱ्हाडापुढे मी जंबिया ठेवला. नवरदेवाने तो हातात घेतला, दुसऱ्या हातात मोबाईल धरला, आणि हार घालायला तिसरा हात नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग मी एक परदेशी चाकू काढला, ज्यात कात्री, पान्हा, बाटलीचं बूच काढायचा पेच, सगळं होतं. नवरदेवाच्या मामाने तो पेच बाहेर काढून पाहिला.

"गुरुजी, हे घेऊन गेलो तर वऱ्हाड नवरीकडं बघंल का मांडवामागं?"

शेवटी त्यांची नजर माशावर गेली. लहान, खिशात मावणारा, फोटोत बरा दिसणारा. लिंबू टोचून खिशाला लावला की दोन्ही हात मोबाईलला मोकळे. त्यांनी मासा नेला. त्या जोडप्याला वर्षाच्या आत मुलगा झाला, आणि हे माशाच्या नावावर जमा झालं. पुढच्या लग्नसराईत मासा आधीच ठरवून ठेवू लागले. तारीख आधी माझ्याकडे, मग मंगल कार्यालयाकडे. माशाची लग्नं टिकतात, असं पंचक्रोशीत बोललं जाऊ लागलं. त्यातली दोन जोडपी औरादच्या कोर्टात समोरासमोर बाकावर बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. पण अशा गोष्टी लोक मोजत नाहीत, आणि मीही कुणाला मोजून दाखवल्या नाहीत. मासा परत यायचा तो हळदीने माखलेला. मी फडक्याने वरवर पुसायचो आणि चिठ्ठीवर ठेवून द्यायचो.

माझा एक मित्र आहे, वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेला, आता शेती करतो. त्याच्या वडिलांच्या काळापासून ते घर बौद्ध आहे. त्यांच्या लग्नात वंदना होते, लिंबू नसतं. तो दरवेळी ओट्यावर बसून मासा नेणाऱ्या वऱ्हाडाकडे बघत असे.

"गुरुजी, एक सांगा. हळद लागल्यापासून अक्षता पडूस्तोर नवरदेवाला भूत लागतंय, म्हणून चाकू."

"व्हय, असं म्हणतात."

"अन् अक्षता पडल्यावर?"

"मग भीती नाही."

"व्हय की. मग भुताला कळतंय, आता ह्याच्यात आपल्याला जागा न्हाई."

मी त्याच्याबरोबर हसायचो. आम्ही दोघं शिकलेली माणसं. भुताखेतावर आमचा विश्वास नाही. माझा विश्वास फक्त चिठ्ठ्यांवर होता.

अशात ते प्रदर्शन आलं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं सिमेंटचं दुकान आहे आणि इतिहासावर प्रेम आहे. दोन्ही गोष्टी ते पोत्याने देतात. प्रदर्शनाचं नाव त्यांनी 'सीमाभागाचा शस्त्रवारसा' ठेवलं होतं. सीमाभागात वारसा म्हटलं की कुणी विरोध करत नाही, कारण कोणाचा वारसा हे विचारलं तर तीन भाषांत उत्तरं येतात. अण्णांनी मला हॉलच्या मध्यभागी टेबल देऊ केलं. टेबलावर काचेची पेटी, पेटीत माझ्या आयुष्यातला पहिला चाकू, मागे फ्लेक्स, आणि पाहुण्यांच्या हस्ते मला शाल.

मी आयुष्यभर शालींची टिंगल केली आहे. शिक्षक दिनाला शाल घेताना आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा कसा व्हायचा याची नक्कल मी स्टाफरूममध्ये करून दाखवत असे. तरीही मी अण्णांना हो म्हणालो, आणि त्या संध्याकाळी आरशासमोर खांद्यावर टॉवेल टाकून पाहिला. बायकोने विचारलं, "आंघोळ करायलाव का?" मी हो म्हणालो आणि दुसऱ्यांदा आंघोळ केली.

फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर आला. माझ्या वाक्याखाली 'दत्तप्रसादी खंजीर' असं छापलं होतं, आणि वाघाच्या तोंडाची मूठ असलेल्या कुठल्याशा खंजिराचं चित्र. मी अण्णांना फोन केला.

"अण्णा, तो मासा आहे. खंजीर नाही."

"मासा फ्लेक्सवर बरा दिसंना, गुरुजी. खाणावळीचा बोर्ड वाटायलाय. पण पेटीत तुमी तेच ठिवा. ओरिजनल पायजे. पाहुण्याला मी सांगून ठिवलंय."

"आणि समजा मासा नाही मिळाला?"

"मग मधलं टेबल कामून द्यायचं? कडंला घेऊ की तुमचं. पाण्याच्या टाकीजवळ जागा हाय."

हे मी विचारलं, कारण मासा माझ्याकडे नव्हता. तो निंबर्ग्यात होता. आमच्या गल्लीतल्या एका घरची सून निंबर्ग्याची. तिच्या लग्नात मासा जाऊन परतही आला होता. पण पहिल्या खेपेला तिचं पोट पडलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिचा सासरा मासा पुन्हा मागून घेऊन गेला. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मासा तिच्याबरोबर गेला, आणि आता तो तिच्या उशाखाली होता. बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात, बारसं होईपर्यंत हलवत नाहीत. बारसं प्रदर्शनानंतर होतं.

सासऱ्याला मी हळूच विचारून पाहिलं. तो म्हणाला, "आमी कसं मागावं गुरुजी? तुमची वस्तू हाय. तुमी जाऊन मागा." एवढं बोलून तो गोठ्याकडे गेला आणि मी जाईपर्यंत बाहेर आला नाही.

मी जंबिया टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि निघालो. मोठा मासा देऊन लहान मासा सोडवायचा, असा हिशोब. भालकी, बसवकल्याण, आळंद करत पोचायला दुपार झाली. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. भाषण चांगलं होतं. लोखंडाची भीती भुतांना का वाटावी, इथून सुरुवात होती.

दारात मुलीची आई होती. मी सासरच्या गल्लीतला, त्यातून गुरुजी. तिने चटई टाकली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं. मग मी कशासाठी आलोय ते सांगितलं.

"बाळ बरं आहे ना, अक्का?" मी विचारलं.

"बरं हाय. म्हणूनच म्हणायले, तेवढं बारसं होऊ द्या."

मी टॉवेल सोडला. "हा ठेवा त्याच्या जागी. लोखंडच आहे. माशापेक्षा मोठं, जुनं. नवाबाचा जंबिया आहे."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "ह्यानं माणसं मारली असतील?"

इथे कोणताही संग्राहक मोहात पडतो. "असतीलच की," मी म्हणालो.

"मग त्या मेलेल्यांनी कुठं जावं? ह्याच्याच मागं येतील की. मी त्यांना लेकराच्या उशाला आणून बसवू?" तिने पदर सावरला. "तुमच्या माशानं आजवर काय मारलंय, गुरुजी?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही. वांगंसुद्धा नाही."

"बघा की मग."

मला नवाबाचा आधार घेता येईना, म्हणून मी भाषणाचा घेतला. मी समजावून सांगितलं की बाळ डॉक्टरांमुळे नीट आहे, सोनोग्राफीमुळे नीट आहे, गोळ्यांमुळे नीट आहे. लोखंडाचा यात काही संबंध नाही. चाकू उशाखाली असला काय, नसला काय, फरक पडत नाही. हे मी शांतपणे, पायरीपायरीने सांगितलं. शाळेत असतो तर फळ्यावर लिहिलं असतं.

आतल्या खोलीच्या दारात बाळंतीण येऊन उभी होती. कानाला फडकं, अंगावर शाल. मला पहिल्यांदा वाटलं, शाल किती सहज मिळते काही लोकांना.

"गुरुजी," ती म्हणाली, "असून नसून सारखंच, म्हणता?"

"सारखंच."

"मग तुमाला तरी कशाला पायजे? रिकामीच पेटी ठिवा की."

मला उत्तर होतं. वारसा, संग्रह, मूळ वस्तू, असे बरेच शब्द होते. ते सगळे अण्णांचे होते.

ती आत गेली आणि मासा घेऊन आली. माझ्या हातात दिला नाही. उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवला, रीतीप्रमाणे. "घ्या. पण तुमीच उचला." आणि ती तिथेच उभी राहिली. अक्का उभी होती, चहा घेऊन आलेली शेजारीण उभी होती. आत बाळ शिंकलं. तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिंकलो.

शिंक येणं हे भुताचं लक्षण नाही, हे मला माहीत आहे. पण नवजात मुलाला शिंका येतच असतात, सर्दी होते, ताप येतो, आणि त्यातलं जे काही पुढच्या महिन्याभरात येईल ते आता माझ्या नावावर येणार होतं. माशाच्या नावावर पोरं जमा होताना मी कुणाला अडवलं नव्हतं. मी मधल्या टेबलाचा विचार केला, पाण्याच्या टाकीचा विचार केला. मग घड्याळ बघून म्हणालो की आळंदची बस निघेल, आणि चहा घेऊन, जंबिया टॉवेलात गुंडाळून उठलो. चहा बिनसाखरेचा होता. विसरल्या असतील.

अण्णांनी शब्द पाळला. माझं टेबल पाण्याच्या टाकीजवळ लागलं. मधल्या टेबलावर अण्णांच्या मेहुण्याची तलवार आली, जी त्याने नवीनच करून घेतली होती. काचेची पेटी मात्र आधीच माझ्या टेबलाला मोजून आणली होती, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. मी बाळंतिणीचा सल्ला मानला आणि ती रिकामी ठेवली. लोक बराच वेळ तिच्यात वाकून बघत. एका गृहस्थाने बायकोला सांगितलं, "खरी वस्तू बँकेत ठिवली असंल." दिवसभरात माझ्या टेबलावरचं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं शस्त्र ते.

उद्घाटन आधी झालं, पण ते नंतरच सांगण्यासारखं आहे. पाहुणे फितीसमोर उभे राहिले आणि कात्री कुणीच आणली नव्हती असं निघालं. "कात्री कशाला," अण्णा हसून म्हणाले, "आपल्याकडं शस्त्रं हायत की." मेहुण्याची तलवार आणली. तिने फीत नुसती वाकवली. माझा जंबिया आणला. फितीवर गंजाची रेघ उठली. शिंगाच्या मुठीचा, हाडाच्या मुठीचा, एकेक करून सीमाभागाचा शस्त्रवारसा त्या सॅटिनच्या फितीवर घासून झाला. परदेशी चाकूतली कात्री उघडायला गेलो तर पेच बाहेर आला, आणि फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. शेवटी माझा लाईनमन मित्र पुढे गेला, त्याने खांबाला बांधलेली फितीची गाठ सोडली, आणि फीत घडी घालून पाहुण्यांच्या हातात दिली.

टाळ्या झाल्या. माझ्या टेबलाशी येऊन तो रिकाम्या पेटीत वाकला.

"गुरुजी, आज मासा पायजे होता."

"त्यानंही कापलं नसतं."

"न्हाई कापलं. पण बरा दिसला असता."

शाल मलाही मिळाली. उरल्या होत्या.

बारसं झाल्यावर त्या मुलीचा सासरा मासा घेऊन आला. नातू ठणठणीत होता. याचं श्रेय कुणाला जातं हे त्याने सांगितलं नाही, पण मासा ओट्यावर ठेवताना त्याने त्याला हात लावून तो कपाळाला लावला. मागोमाग पुढच्या लग्नसराईसाठी दोन घरांचे निरोप आले. मी हो म्हणालो.

ठेवण्याआधी या खेपेला मासा जरा नीट पुसावा म्हणून पातं उघडलं. टोकापासून मध्यापर्यंत पिवळा डाग होता, लिंबू टोचतात तेवढ्या भागावर. हळद असेल म्हणून मी ओल्या फडक्याने पुसलं. गेली नाही. राखेने घासलं, तर डाग आणखी पसरला. इतक्या नवरदेवांच्या लिंबांनी वरचा चकचकीत मुलामा खाऊन टाकला होता. पातं पितळेचं आहे. माशात लोखंड नाही.